परसांतील भाजी आणि विहिरीचें माप

अलिबाग, रेवदंडा किंवा मुरूड येथील भाजीबाजारांत सकाळीं घटकाभर उभें राहिलें असतां एक चमत्कारिक देखावा दृष्टीस पडतो. टेंपोंतून भाजीच्या पाट्या उतरतात; त्यांतील बराचसा माल वाशीच्या बाजारांतून, म्हणजे मूळ घाटावरून आलेला असतो; आणि तो विकत घेण्यासाठीं पिशव्या घेऊन उभे असणाऱ्यांत ज्यांच्या नांवावर सातबारा आहे व ज्यांच्या दाराशीं विहीर आहे असे आमच्यासारखे खातेदारच पुष्कळ असतात. बाजूस गोणपाट पसरून बसलेल्या ठाकूर किंवा कातकरी बाईजवळ मात्र तिनें स्वतः लाविलेली काकडी, शिराळीं व माठाच्या जुड्या असतात. जमीन व पाणी ज्याच्यापाशीं तो गिऱ्हाईक, आणि डोंगरउतारावरचा तुकडा जिच्यापाशीं ती विक्रेती, असा हा उलटा व्यवहार आहे.

भाजीची गरज किती हें पाहिलें म्हणजे या व्यवहाराची किंमत कळते. हैदराबाद येथील राष्ट्रीय पोषण संस्थेनें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेल्या आहारविषयक सूचनांत माणसाच्या दिवसाच्या आहारांत सुमारें ४०० ग्रॅम भाज्या असाव्यात व त्यांपैकीं १०० ग्रॅम पालेभाज्या असाव्यात असें सांगितलें आहे. पांच माणसांच्या घरांत हा हिशेब दिवसास दोन किलोंवर जातो. भात, आमटी आणि मासळी यांवर चालणाऱ्या आपल्या किनाऱ्यावरील स्वयंपाकांत एवढी भाजी क्वचितच शिजते. आणि ती सारी विकत घ्यावयाची म्हटल्यास महिन्याच्या खर्चांत तिचा आंकडा लहान राहत नाहीं.

म्हणूनच हल्लीं अनेक बंधु आम्हांस विचारतात कीं, परसांत भाजी करावयाची आहे, सुरुवात कशी करावी? पूर्वीचा कुलाबा, व १९८१ पासूनचा रायगड, या आपल्या जिल्ह्याच्या किनारपट्टीस परसबाग नवी नाहीं. अष्टागरांतील नारळीपोफळीच्या वाड्यांत केळी, अळूं, सुरण व मांडवावरचे वेल हे होतेच. परंतु मधल्या काळांत हात मोडला, आणि आज नोकरीधंद्यांतून परत शेतीकडे वळलेला तरुण खातेदार या कामीं खरोखरच नवशिका असतो. आम्हीहि तसेच होतों. प्रथम फसलों व मग थोडेबहुत सावरलों. त्या अनुभवाच्या आधारें हें लिहीत आहों.

आमची पहिली चूक

३ जून २०२० रोजीं 'निसर्ग' चक्रीवादळ आपल्या जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळलें. श्रीवर्धन, दिवेआगर व मुरूडपासून चौल-अलिबागपर्यंतच्या वाड्यांतून नारळीपोफळी आडव्या झाल्या. आमच्या वाडींतहि मधोमध सुमारें तीन गुंठ्यांची जागा उघडी पडली. जेथें पिढ्यान्‌पिढ्या सावली होती तेथें दुपारचें ऊन पडूं लागलें. नव्या पोफळीस फळ धरण्यास पांचसहा वर्षें तरी हवींत, नारळीस बहुधा त्याहूनहि अधिक. तोंवर ही जागा रिकामी कां ठेवावी, या विचारानें त्याच वर्षीं दिवाळीनंतर आम्हीं तीनहि गुंठ्यांत भाजी केली. कोबी, फुलकोबी, टोमॅटो, वांगीं, भेंडी, मिरची, घेवडा. बियांच्या दुकानांत जें जें मिळालें तें तें आणलें. विहिरीवर पंप होता, त्यामुळें पाण्याची चिंता वाटली नाहीं.

पौष-माघांत बाग दृष्ट लागण्यासारखी दिसत होती. होळीच्या सुमारास घेवड्याच्या पानांच्या कडा करपूं लागल्या. मागोमाग मिरचीनें फुलें गाळलीं. आम्हीं रोग समजून औषध फवारलें, खत कमी पडलें समजून खत घातलें, आणि पानें कोमेजलेलीं पाहून पाणी वाढविलें. चैत्रांत एके सकाळीं घरांतील चहाची चव बिघडली, तेव्हां विहीर मचूळ झाल्याचें ध्यानांत आलें. बाग तर गेलीच. पण वादळानंतर नवीं लाविलेलीं पोफळीचीं रोपेंहि बरींचशीं गेलीं, आणि शेजारच्या घरीं पिण्याचें पाणी दोन महिने बाहेरून आणावें लागलें. कारण त्यांची विहीर आमच्या विहिरीपासून चाळीस पावलांवर आहे. ही गोष्ट लिहितांना आजहि संकोच वाटतो.

शेजारचे वयोवृद्ध बागाईतदार रागावले नाहींत. ते एवढेंच म्हणाले, "भाऊ, तुम्हीं जमीन मोजलीत, विहीर मोजायची राहिली." या लेखांत आम्हांस जें सांगावयाचें आहे त्याचें सार या एका वाक्यांत आलेलें आहे.

गोड्या पाण्याचा थर

समुद्रालगतच्या पुळणवटीच्या जमिनींत गोडें पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. पावसाचें पाणी वाळूंतून खालीं मुरतें. खालीं समुद्राकडून आंत शिरलेलें खारें पाणी असतें. आणि समुद्राचें पाणी गोड्याहून सुमारें चाळिसाव्या हिश्शानें जड असल्यामुळें गोडें पाणी वरच राहतें. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बाडोन गायबेन या डच अभियंत्यानें, व १९०१ सालीं जर्मनींतील हेर्झबर्ग यांनीं, या थराचें गणित मांडलें. तें असें कीं, गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीहून एक फूट वर असेल तर समुद्रसपाटीखालीं सुमारें चाळीस फूट गोडें पाणी असतें. ऐकावयास ही गोष्ट आनंदाची आहे. परंतु तिची दुसरी बाजू अशी कीं, उपशानें वरची पातळी एक फूट उतरली व तशीच उतरलेली राहिली, तर खालून खारें पाणी चाळीस फूट वर चढूं पाहतें. जमिनीचे थर सर्वत्र सारखे नसल्यानें प्रत्येक विहिरींत हा हिशेब तंतोतंत उतरेल असें नाहीं. पण पाण्याची चाल हीच.

आपल्या वाडवडिलांस हें गणित पुस्तकांतून ठाऊक नव्हतें, परंतु रहाट ठाऊक होता. बैल किंवा रेडा जुंपलेला लोट्यांचा रहाट पाणी हळूहळू व वरवरचें काढी. जनावर थकलें कीं उपसा थांबे, आणि विहिरीस भरून येण्यास उसंत मिळे. विजेचा पंप थकत नाहीं. तो पाहतां पाहतां विहिरीचा तळ दाखवितो, आणि त्या तळाखालींच खारें पाणी टपून असतें. मांडव्यापासून मुरुडापर्यंत किनाऱ्यावर आज सुट्टीच्या बंगल्यांची दाटी झाली आहे व त्यांच्या विंधनविहिरीहि याच थरांतून पाणी ओढतात हें खरें. परंतु सारा दोष त्यांच्यावर टाकून चालणार नाहीं. आमच्या विहिरींत खारें पाणी आम्हींच ओढून आणलें.

विहीर कशी मोजावी

वाडींत कुदळ मारण्यापूर्वीं तीन गोष्टी कराव्यात. पहिली, घरांतील वडील माणसांस व विशेषतः स्वयंपाक करणाऱ्या बायामाणसांस विचारावें कीं, वैशाखांत या विहिरीच्या पाण्यांत डाळ नीट शिजते कां? पाणी बिघडलें कीं त्याची पहिली दाद चुलीपाशीं लागते. दुसरी, उन्हाळ्यांत पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलींत भरून माती-पाणी परीक्षण प्रयोगशाळेंत द्यावा. तेथें पाण्याची विद्युतवाहकता मोजतात. ती दर मीटरला ०.७५ डेसीसायमनपर्यंत असल्यास भाजीस हरकत नाहीं; २.२५ च्या पुढें गेल्यास तें पाणी भाजीस देऊंच नये. मधल्या पाण्यावर काय लावतां येईल याचाहि क्रम आहे: घेवडा, गाजर व कांदा हीं क्षारास फार नाजूक, मिरची व कोबी त्यांहून किंचित सोशीक, टोमॅटो व काकडी त्याहून बरीं, आणि बीट सर्वांत कणखर. आमच्या बागेंत घेवडा आधीं कां करपला याचें उत्तर या क्रमांतच होतें.

तिसरी गोष्ट हिशेबाची. फाल्गुन-चैत्राच्या उन्हांत भाजीच्या वाफ्यास दर चौरस मीटरला दिवसास पांचसहा लिटर पाणी लागतें. एक गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा, सुमारें १०० चौरस मीटर. म्हणजे आमच्या तीन गुंठ्यांस रोज १,५०० ते १,८०० लिटर पाणी जात होतें. तेंच पाव गुंठ्याच्या बागेंतील वाफ्यांस सुमारें १०० लिटर, म्हणजे १५ लिटरांच्या सात बादल्या पुरतात. एवढें पाणी एका माणसास सकाळ-संध्याकाळ हातानें शेंदून घालतां येतें. यावरून आम्हीं नियम केला आहे तो असा: पहिल्या वर्षीं बाग तेवढीच असावी, जेवढीस हातानें पाणी शेंदून घालतां येईल. पंप असला तरी नियम हाच. बादली ही रहाटाची धाकटी बहीण आहे. ती विहिरीस तळ दाखवूं शकत नाहीं.

हंगाम

नवशिक्याची दुसरी चूक म्हणजे मृगाची घाई. पहिली सर आली कीं हात शिवशिवूं लागतात. परंतु आपल्या किनाऱ्यावर वर्षास दोन हजार मिलिमीटरांहून, म्हणजे ऐंशी इंचांहून, अधिक पाऊस पडतो व तो बहुतेक सारा चार महिन्यांत पडतो. त्या माऱ्यांत टोमॅटो, कांदा, मेथी व कोथिंबीर यांचीं मुळें कुजतात आणि नवशिका पहिल्याच महिन्यांत निराश होतो. पावसाळा हा मांडवावरच्या वेलांचा व अळवाचा काळ आहे. बाकीच्या भाजीची सुरुवात हस्तांत, म्हणजे सप्टेंबरच्या अखेरीस, जमीन तयार करून करावी व चित्रा-स्वातींत पेरणी करावी.

या क्रमाचा दाखला दूर शोधावयास नको. आपल्याकडे भात कापल्यावर जमिनींत उरलेल्या ओलीवर, पाणी न देतां, वाल येतो. पौषांत त्याच्या शेंगा भरल्या कीं शेतोशेतीं पोपटी लागते. अलिबाग तालुक्यांत कार्ले, खंडाळे, नेहुली या बाजूस होणारा पांढरा कांदाहि असाच. भात निघाल्यावर त्याचीं रोपें लावितात, आणि उन्हाळा कडक होण्यापूर्वीं कांदे काढून त्यांच्या वेण्या रस्त्याच्या कडेला विकावयास टांगलेल्या दिसतात. या कांद्यास अलीकडे भौगोलिक मानांकनहि लाभलें आहे. वाल व कांदा या दोन्ही पिकांत आपल्या पूर्वजांनीं एकच गोष्ट साधली: पावसानें दिलेली ओल व हिवाळ्याचा थंडावा यांवर पीक उभें करावयाचें, आणि विहीर खालीं जाण्याच्या आंत तें घरांत आणावयाचें. परसबागेनेंहि हाच धडा घ्यावा. होळीपर्यंत तिचा मोठा भाग संपलेला असावा, व पुढें दोनच वाफे जिवंत ठेवावे.

जागा व वाफे

बागेस दिवसांतून निदान पांचसहा तास ऊन पाहिजे. नारळीच्या बुंध्यालगत वाफा काढूं नये. तिचीं मुळें खत व पाणी दोन्ही खातात. स्वयंपाकघराच्या दारापासून बाग जितकी जवळ तितकी ती टिकते. कारण जी बाग येतां-जातां दिसते तिचीच निगा होते. समुद्राकडून येणारा खारा वारा अडविण्यासाठीं त्या बाजूस दाट वई असावी. कापणीनंतर गुरें मोकळीं सुटतात हें ध्यानांत ठेवून कुंपण आधीं व पेरणी मागाहून करावी.

१८ फूट लांब व १५ फूट रुंद जागा आंखली कीं पाव गुंठा होतो. तींत ८ फूट लांब व ४ फूट रुंद असे सहा वाफे दोन ओळींत बसतात. आडव्या वाफ्यांमध्यें दीड फुटाची व दोन ओळींमध्यें दोन फुटांची वाट राहते. वाफा चार फुटांहून रुंद केल्यास दोन्ही बाजूंनीं हात पोंचत नाहीं व मग माती तुडविली जाते. पावसाळ्यांत वाफे जमिनीहून अर्धा फूट उंच असावे. हिवाळ्यांत तेच दोन-तीन बोटें खोलगट करावे, म्हणजे घातलेलें पाणी वाहून जात नाहीं.

पुळणवटीची जमीन पाणी धरीत नाहीं व खतहि धरीत नाहीं. तिला एकदम पुष्कळ खत घालण्याऐवजीं थोडें थोडें, वारंवार द्यावें. एका वाफ्यास चांगलें कुजलेलें शेणखत चार घमेलीं पेरणीपूर्वीं व पुढें महिन्यानें दोन घमेलीं, हें प्रमाण आम्हांस मानवलें. वाफ्याच्या तळाशीं हातभर खोल नारळाचीं जुनीं, पावसांत भिजून मऊ झालेलीं सोडणें उताणीं पुरावीं. तीं पाणी शोषून ठेवतात. खारवलेल्या मासळीचें खत घालावयाचें झाल्यास तें पावसाळ्यांत घालावें, कारण त्यांतील मीठ धुवून जाण्यास पाऊसच पाहिजे. भातजमिनीच्या चिकण मातींत बाग करणाऱ्यांनीं उलट काळजी घ्यावी: पाणी थोडें द्यावें व निचऱ्याची वाट मोकळी ठेवावी.

पेरणीनंतर रोपें वितीएवढीं झालीं कीं त्यांच्या बुडाशीं सुकलेला पाला, भाताचा पेंढा किंवा झावळ्यांचे तुकडे पसरावे. उघड्या वाफ्यांतून पाणी वाफ होऊन उडतें व त्यांतील क्षार मातीच्या पाठीवर जमतात; आच्छादनानें दोन्ही गोष्टींस आळा बसतो. वेलांच्या व वांग्यांच्या मधोमध तोंड तेवढें बाहेर ठेवून कच्चें मडकें पुरावें व तें पाण्यानें भरून वर झांकण ठेवावें. मडक्याच्या अंगांतून पाझरणारें पाणी थेट मुळांशीं जातें. ज्यांच्या विहिरीस उन्हाळ्यांत पाणी थोडें त्यांनीं ही युक्ति अवश्य करावी.

पहिल्या वर्षीं काय लावावें

नवशिक्यानें आधीं लवकर येणारी व सहसा न फसणारी भाजी लावावी. हातची पहिली जुडी घरांत गेली म्हणजे पुढच्या कामास हुरूप येतो. आमचे सहा वाफे असे असतात.

पहिल्या वाफ्यांत लाल माठ व कडेनें मुळा. माठ महिन्याभरांत व मुळा दीड महिन्यांत हातीं येतो. दुसऱ्यांत मेथी व कोथिंबीर. हे दोन वाफे एकदम पेरूं नयेत. पंधरा दिवसांच्या अंतरानें वाफ्याचा एकेक तुकडा पेरावा, नाहीं तर एका आठवड्यांत शेजारीपाजारीं वांटण्याइतकी भाजी होते व पुढचा महिना घर रिकामें राहतें. तिसऱ्या वाफ्यांत दोन दोन फुटांवर वांग्यांचीं आठ रोपें. पांच माणसांस आठ झाडें पुरतात. अधिक लावण्याचा मोह आवरावा. चौथ्यांत अर्धे टोमॅटो व अर्धी मिरची. पांचव्यांत चवळी व भेंडी. सहाव्यांत पांढरा कांदा; सहा इंच बाय चार इंच अंतरावर लावल्यास एका वाफ्यांत सुमारें १९० रोपें बसतात.

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडून झाड खुरटतें, हा रोग पांढऱ्या माशीनें पसरतो. तो कमी यावा म्हणून 'परभणी क्रांती' किंवा 'अर्का अनामिका' या जातींचें बी घ्यावें. दापोलीच्या कृषि विद्यापीठानें, जें १९७२ सालीं स्थापन झालें, कोंकणच्या हवेस मानवणाऱ्या जाती काढल्या आहेत. कारल्यांतील 'कोकण तारा' ही त्यांपैकीं एक. दुसऱ्या वर्षीं प्रत्येक वाफ्यांतील पीक पुढच्या वाफ्यांत सरकवावें. वांगें, टोमॅटो व मिरची हीं एकाच कुळांतील असल्यानें एकामागून एक त्याच मातींत लावूं नयेत.

पाणी न मागणारीं झाडें विसरूं नयेत. मोरीचें सांडपाणी जेथें जातें तेथें अळूं व केळ, कोंपऱ्यांत एक शेवगा व एक कढीलिंब, आणि कुंपणावर एक तोंडलीचा वेल. एवढ्यानें विहिरीस ओझें न होतां वर्षाचे कित्येक दिवस भागतात. पावसाळ्यांत याच बागेवर मांडव घालून मृगाच्या सुरुवातीस शिराळीं, पडवळ, काकडी व कारलीं यांच्या प्रत्येकीं दोन दोन बिया आळ्यांत टोंचाव्या. श्रावणांत घरास भाजी पुरून उरते आणि विहिरीचा एक थेंबहि खर्च होत नाहीं.

कीड आणि माकडें

पाव गुंठ्यांत औषधाच्या बाटलीपेक्षां रोजची फेरी अधिक उपयोगी पडते. वांग्याचा शेंडा मान टाकतांना दिसला कीं आंत अळी आहे असें समजून तो खालून कापावा व जाळावा. हें आठवड्यास दोनदां केल्यास फळांत अळी फारशी पोंचत नाहीं. काकडी, कारलीं यांस फळमाशी लागते. किडकीं व गळलेलीं फळें तेथेंच पडूं न देतां खोल पुरावीं, व क्यू-ल्युअरचा एक सापळा मांडवास टांगावा. मावा-तुडतुड्यांस निंबोळीचा पांच टक्के अर्क पुरे: ५० ग्रॅम निंबोळीची भुकटी एक लिटर पाण्यांत रात्रभर भिजवावी, सकाळीं फडक्यांतून गाळावी, तींत थोडें साबणाचें पाणी मिसळून संध्याकाळीं फवारावी.

माकडांवर मात्र आम्हांस खात्रीचा उपाय सांपडलेला नाहीं, व सांपडला असें सांगून वाचकांस फसविण्याची इच्छा नाहीं. ज्या आळींत त्यांचा उपद्रव फार, तेथें काकडी व टोमॅटो कमी करून मिरची, कारलीं, अळूं, सुरण, कांदा व पालेभाज्या वाढवाव्या. त्यांचेंहि नुकसान होतें, पण कमी होतें.

बी घरचें असावें

माठ, चवळी, वाल, भेंडी व वांगें यांचें बी घरीं धरणें सोपें आहे. सर्वांत निरोगी झाडास आधींच दोरा बांधावा व त्यावरचें फळ कितीहि मोह झाला तरी तोडूं नये. तें पक्व झाल्यावर बी काढून सावलींत वाळवावें, राखेंत घोळून घट्ट झांकणाच्या बरणींत ठेवावें व बरणीवर वर्ष लिहावें. संकरित बियाण्याच्या झाडाचें बी धरूं नये. पुढच्या पिढींत तें मूळ गुणांस जागत नाहीं. कांद्याचें बी पहिल्या वर्षीं मिळत नाहीं. निवडक कांदे ठेवून ते पुढच्या हंगामांत पुन्हां लावावे लागतात, तेव्हां त्यांस फुलें व बी येतें. अलिबागचा पांढरा कांदा टिकून राहिला तो शेतकऱ्यांनीं असें घरचें बी पिढ्यान्‌पिढ्या राखल्यामुळेंच.

शेवटीं

आमची विहीर सुधारण्यास दोन पावसाळे लागले. दुसऱ्या वर्षीं आम्हीं भाजी केलीच नाहीं. छपराचें पाणी नळानें आणून विहिरीजवळच्या खड्ड्यांत मुरविलें व पाऊस मोजीत बसलों. तिसऱ्या वर्षीं पाव गुंठ्यानें पुन्हां आरंभ केला. त्या हिवाळ्यांत आठवड्यांतून चार दिवस बाजाराची पिशवी खुंटीवरच राहिली, आणि वैशाखांत डाळ शिजली. आज आमची बाग अर्ध्या गुंठ्याची आहे. जमीन अजून अडीच गुंठे मोकळी आहे; परंतु विहिरीचें माप अर्ध्या गुंठ्याचें आहे, आणि आतां आम्ही तेवढ्यावरच थांबतों. बाकीच्या जागेंत पोफळीचीं रोपें पुन्हां धरलीं आहेत.

राज्याच्या 'उमेद' अभियानामार्फत अलीकडे गांवोगांव पोषण परसबागांचा उपक्रम चालला आहे, व बचतगटांच्या भगिनी त्यांत पुढें आहेत. ही आनंदाची गोष्ट होय. किनाऱ्यावरच्या गांवांत मात्र अशा प्रत्येक बागेच्या आरंभीं बियांच्या पुड्यांबरोबर एक प्रश्नहि दिला जावा: तुमच्या विहिरीचें पाणी वैशाखांत कसें असतें? कारण आपल्या वाड्यांच्या भिंती वेगवेगळ्या असल्या तरी खालचा गोडा थर एकच आहे. एकानें अधिक ओढलें तर शेजाऱ्याच्या घरचा चहा बिघडतो.

आपल्या मंडळाच्या ज्या सभासदांच्या विहिरी किनाऱ्यापासून मैलभराच्या आंत आहेत त्यांनीं येत्या उन्हाळ्यांत पाण्याची तपासणी करून त्याचा आंकडा व महिना या मासिकाकडे कळवावा, अशी आमची विनंति आहे. असे आंकडे जमले म्हणजे कोणत्या आळींत किती बाग पेलेल हें सर्वांसच सांगतां येईल. तोंपर्यंत नवशिक्या बंधूंनीं या हस्तांत सहाच वाफे काढावे, त्यांस बादलीनेंच पाणी घालावें, आणि सातवा वाफा काढण्यापूर्वीं एकदां वैशाख पाहावा.